शाळेच्या अंगणातला पाऊस

भुशी म्हटले की लोकांना पावसाळ्यातली गर्दी आठवते. आषाढ लागला की मुंबई-पुण्याची माणसे गाड्या भरभरून लोणावळ्याला येतात, धरणाच्या पायऱ्यांवर भिजतात, भाजलेली कणसे आणि गरम भजी खातात आणि दिवेलागणीला परत जातात. मावळातल्या कित्येक घरांना त्यातून चार पैसे मिळतात. त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण शहर आपल्याकडे येते ते फक्त मजेसाठी, आणि आपण असतो ते कणीस भाजायला नि गाडी लावायची जागा दाखवायला, अशी एक समजूत आपल्या मुलांच्या मनात हळूहळू घर करीत चालली आहे. तिची मला काळजी वाटते. कारण ज्या पोराला वाटते की अक्कल ही गाडीत बसून येते आणि गाडीत बसून जाते, ते पोर पुढे शेतीही मनापासून करीत नाही आणि शाळाही.

म्हणून आज मी दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांविषयी लिहिणार आहे. गेल्या काही वर्षांत कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींचे गट आमच्या भागातल्या शाळांत येऊ लागले आहेत. कोणी राष्ट्रीय सेवा योजनेतून येतात, कोणी आपल्या विज्ञान मंडळातर्फे, कोणी चार मित्र जमवून स्वतःच्या खर्चाने. यांना पगार नाही, मानधन नाही. सुटीचा शनिवार-रविवार मोडून यायचे, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचे, आणि पाचवी ते आठवीच्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायचे, असा हा उद्योग. माझे काम भातखाचरांचे आणि बांधांचे. पण खेड्यात शेताच्या वाटेवर शाळा असते आणि पाऊस आला की शाळेच्या पडवीखेरीज आसरा नसतो. त्यामुळे यातले पुष्कळ मला डोळ्यांनी पाहायला मिळाले.

आधी भुशीची थोडी ओळख करून देतो, म्हणजे पुढचे बोलणे समजेल. हे धरण सहलीसाठी बांधलेले नाही. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाट चढायचा म्हणजे इंजिनाला कोळसा आणि पाणी दोन्ही भरपूर लागे. त्या वाफेच्या इंजिनांची तहान भागवण्यासाठी त्या काळच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हे पाणी अडवले. जवळच लोणावळा आणि वळवणचे तलाव आहेत. त्यांचे पाणी नळांतून घाटाखाली सुमारे पाचशे मीटर उतरते आणि खोपोलीला त्यावर वीज तयार होते. टाटांचे हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. आणि ज्या इंद्रायणीच्या काठी देहू-आळंदी वसली, ती इंद्रायणी याच डोंगरांत कुरवंड्याच्या अंगाला उगम पावते. म्हणजे पाणी, वाफ, वीज आणि पाऊस यांचे धडे ज्या गावाच्या उशापायथ्याशी पडलेले आहेत, त्या गावची मुले ते धडे पुस्तकात पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. धरणाच्या भिंतीवरून रोज ये-जा करणाऱ्या सातवीतल्या एका मुलाला मी विचारले होते, की भिंत खाली जाड आणि वर बारीक का असते रे? तो म्हणाला, "आमच्या पुस्तकात नाही ते." पाणी जितके खोल तितका त्याचा दाब जास्त, हे वाक्य मात्र त्याला तोंडपाठ होते.

आता पाहुण्यांकडे वळतो. सगळेच पाहुणे सारखे नसतात. एक गट आला होता तो मोठा थाटाने आला. पडदा, यंत्र, त्यावर ग्रहताऱ्यांची सुंदर चित्रे. बोलणे निम्मे इंग्रजी. मुले तोंड उघडी टाकून बघत होती, पण प्रश्न एकाही पोराने विचारला नाही. शेवटी सर्वांना गोळ्या वाटल्या, शाळेच्या पाटीखाली फोटो काढला आणि मंडळी तडक धरणावर भिजायला गेली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारले, काल काय शिकलात? तेव्हा त्यांना गोळ्यांचा रंग आठवत होता.

दुसरा गट आला तो जूनच्या मध्याला, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या तेव्हा. तीन मुली आणि चार मुले, पाठीला पिशव्या. पिशव्यांतून निघाले काय? रिकामे पत्र्याचे डबे, प्लास्टिकच्या बाटल्या, सायकलची जुनी ट्यूब, काड्यापेट्या, पट्ट्या आणि किलोभर मीठ. आमच्या गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, मी गुरुजींकडे. भंगारवाला आणि विद्यापीठाचा विद्यार्थी यांत फरक तो काय, असेच दोघांच्याही मनात आले असेल.

त्यांनी तीन डबे अंगणात ठेवले. एक चहापत्तीचा लहान, एक डालड्याचा मध्यम आणि एक मोठा तेलाचा, तोंड कापून सरळ केलेला. तिन्ही डबे तोंडापासून बुडापर्यंत सारख्या रुंदीचे होते. मग त्यांच्यातली एक मुलगी, मुले तिला लगेच ताई म्हणू लागली होती, तिने विचारले, "आज रात्री पाऊस पडला तर सकाळी कोणत्या डब्यात पाणी जास्त उंच चढेल?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मोठ्या!" दोघेतिघे जण म्हणाले, लहान डबा लवकर भरेल, म्हणून लहान. ताईने कोण बरोबर नि कोण चूक ते काही सांगितले नाही. फळ्यावर दोन्ही उत्तरे लिहिली, कोणाचे काय मत ते मोजले आणि म्हणाली, "उद्या पाऊसच सांगेल."

जूनमधला लोणावळ्याचा पाऊस कोणाला नाही म्हणतो? रात्रभर कोसळला. रविवार असूनही सकाळी सात वाजता निम्मी शाळा अंगणात हजर. पट्टी घातली. लहान डब्यात बेचाळीस मिलिमीटर, मधल्यात बेचाळीस, मोठ्यात एकेचाळीस. पोरे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. कोणी म्हणाले, पट्टी वाकडी धरली. पुन्हा मोजले, तेच. मग एक चुणचुणीत पोरगी पुटपुटली, "मोठ्या डब्यात पाणी जास्त पडलं, पण पसरायला जागा पण जास्त हाय ना." ताईने टाळी वाजवली नाही की शाबासकीची गोळी दिली नाही. तिने त्या पोरीला फळ्यापाशी बोलावून तेच वाक्य सगळ्यांना समजावून सांगायला लावले. आमच्या गुरुजींचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा झाला होता. वीस वर्षे पर्जन्यमापकाची आकृती काढून घेतलेला तो माणूस.

पुढे त्यांनी हिशेब घातला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा. म्हणजे एका मिलिमीटरला गुंठ्यावर शंभर लिटर, आणि चाळीस गुंठ्यांच्या एकरावर चार हजार लिटर. त्या रात्रीच्या बेचाळीस मिलिमीटरात एका एकरावर जवळजवळ एक लाख सत्तर हजार लिटर पाणी पडले होते. दहा हजार लिटरचे सतरा टँकर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी भांडणे पाहिलेली ही मुले. त्यातला एक मुलगा म्हणाला, "मग हे सगळं जातं कुठं?" वाचकहो, पाणलोटाच्या कामावर मी गावोगाव भाषणे केली आहेत. पण हा प्रश्न एखाद्या सभेत आपणहून कोणी उभे राहून विचारल्याचे मला आठवत नाही.

मिठाची गोष्ट त्याहून गमतीची. भाताचे बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकून निवडावे, ही शिफारस जुनी आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे. त्यात बी ओतून ढवळायचे. पोचट, हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले भरीव बी दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. रोपे जोमदार आणि एकसारखी येतात. खर्च म्हणाल तर चहाच्या एका कपाचा. मी नोकरीत आल्यापासून हे सांगत आलो आहे. लोक मान डोलावतात, "व्हय सायेब, बराबर हाय" म्हणतात, आणि पोते फोडून बी तसेच पेरतात.

या पोरांनी काय केले? वर्गात एका भांड्यात साधे पाणी घेऊन त्यात अंडे सोडले. ते बुडाले. मग मूठमूठ मीठ घालून ढवळत गेले, तसे अंडे डुलत डुलत वर आले. मुलांचा आनंद काय वर्णावा! पाणी जड झाले म्हणून अंडे तरंगले, हे त्यांना आपोआप कळले. मग दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाणी आणि दुकानच्या तराजूवर तोललेले तीस ग्रॅम मीठ घेतले, आणि मुलांनी घरून आणलेले मूठभर भात त्यात टाकले. वर आलेले दाणे दाताखाली फोडून बघितले, तर आत पोकळ. तळाचे दाणे भरलेले. एका मुलाने हट्ट केला की अंड्याच्या पाण्यात टाकून बघू. त्या खारट पाण्यात पुष्कळ जास्त दाणे वर आले. मग मीठ मोजूनच का घ्यायचे, याचे उत्तर कोणी न सांगता मिळाले.

त्या दिवशी संध्याकाळी एका घरी मी गेलो होतो, तर ओट्यावर बादली मांडलेली. सहावीतली नात आजीला दटावत होती, "आजी, तीस ग्रॅम म्हंजी एका लिटरला. असं पसापसा टाकायचं न्हाई." आजीने मला पाहून पदर सावरला आणि हसून म्हणाली, "आमच्या सासूबाई सुपानं पाखडून बी काढायच्या. वाऱ्यानं फोल उडायचं. आता ही पोरगी म्हनती, पान्यानं काढ." बरोबर आलेल्या विद्यार्थ्याने लगेच जमिनीवर बैठक मारली आणि म्हणाला, "आजी, तुमच्या सासूबाईंचं आणि आमचं शास्त्र एकच आहे. हलकं आणि जड वेगळं करायचं. वारा ते ढोबळ करतो, मीठपाणी जरा बारीक करतं." आजी खूश झाली. त्या घराच्या दाढीत त्या वर्षी निवडलेले बी पडले. माझ्या भाषणांनी जे झाले नाही ते मुठभर मिठाने आणि एका नातीने एका संध्याकाळी केले. मला त्याचा हेवा वाटला नाही. उलट उमगले की घरात नवा विचार न्यायचा रस्ता पुष्कळदा शाळेच्या दप्तरातून जातो.

हे सगळे आजचेच आहे असे समजू नका. विद्यापीठांतली माणसे खेड्यातल्या शाळेत जाऊन विज्ञान शिकवण्याचा मोठा प्रयोग १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो उभा केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातली मंडळी तिथे जाऊन राहात, शिक्षकांबरोबर प्रयोग बसवीत. तत्त्व एकच, की मुलाने आपल्या हाताने करून बघावे आणि परिसरात मिळेल त्या वस्तूने करावे. १९७८ पासून तो जिल्हाभर पसरला. २००२ साली तिथल्या सरकारने तो बंद केला. पण तीस वर्षांत जे पेरले गेले ते वाया गेले नाही.

त्याचा एक कोंब तर आपल्या पुण्यातच फुटला. अरविंद गुप्ता हे आय.आय.टी.तून इंजिनिअर झालेले, पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून ते होशंगाबादला गेले. तिथे आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार बनवले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षे कचऱ्यातून खेळणी आणि खेळण्यांतून विज्ञान शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या शाळेत पिशवीतून निघालेली ती सायकलची ट्यूब कुठून आली, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

आयुकाचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर यांची एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. मुले त्यांच्याकडे सही मागायला येत. ते म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि खाली सही करीन. जगातला मोठा शास्त्रज्ञ, पण सहीची किंमत एक प्रश्न! २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचे गणित आपल्यापैकी फार थोड्यांना कळेल, पण ही रीत कोणालाही उचलता येईल.

१९८७ साली भारत जन विज्ञान जथा देशाच्या पाच भागांतून निघाला आणि गाणी, पथनाट्ये, प्रयोग करीत ७ नोव्हेंबरला भोपाळला पोचला. त्याच वर्षापासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जाऊ लागला, कारण १९२८ साली त्या दिवशी सर सी. व्ही. रामन यांना प्रकाशाविषयीचा शोध लागला. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे विज्ञान दिनाच्या सुमारास शाळा-कॉलेजांची मुले प्रयोग मांडतात आणि आसपासच्या गावची मंडळी जत्रेसारखी बघायला जातात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालची. तीत नाव घातलेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते. कृषि महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, ज्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतो, तेही गावात राहून काम करतात. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेला 'दिशा' हा उपक्रमही असाच. म्हणजे हात पुष्कळ आहेत. ते हात आपल्या शाळेपर्यंत पोचले आणि टिकले, तर फायदा.

टिकण्याचाच प्रश्न खरा आहे. एका दिवसाच्या पावसाने विहीर भरत नाही. त्या डबेवाल्या गटाचे मला कौतुक वाटले ते यासाठी, की जाताना त्यांनी एक वही शाळेत ठेवली आणि श्रावणात परत येऊ म्हणून सांगितले. आणि आले. मधल्या काळात मुलांनी रोज सकाळी डब्यात पट्टी घालून वहीत आकडा लिहिला होता. एक दिवस मात्र पंचाईत झाली होती. वीस सेंटिमीटरचा डबा रात्रीत भरून वाहिला! किती लिहायचे? एक जण म्हणाला दोनशे लिहू, एक म्हणाला अडीचशे असेल. शेवटी मुलांनी लिहिले, "२०० पेक्षा जास्त. डबा वाहिला." ताईने ते पान उघडून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाली, "वहीतलं सगळ्यात चांगलं पान हे. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं लिहिलं नाही." मग पुढे काय करावे? मुलांनीच ठरवले, मुसळधार असेल तर सकाळ-संध्याकाळ दोनदा डबा रिकामा करायचा आणि बेरीज मांडायची. त्या वहीची मला पुढे खरीच मदत झाली. युरिया कोणी कधी टाकला आणि त्यानंतर किती पाऊस पडला, हे शेजारीशेजारी मांडून दाखवता आले. जोराच्या पावसाआधी टाकलेले खत खाचरातून ओढ्याला जाते, हे सांगायला आता आकडे होते.

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि रेल्वेने पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्याला जेमतेम सातशेच्या आसपास. दोन्हींच्या मधल्या गावांत दर पाचदहा किलोमीटरला पाऊस बदलतो. महसूल खाते चोवीस तासांत ६५ मिलिमीटरवर पाऊस गेला की अतिवृष्टी म्हणते, पण ते मोजमाप मंडळाच्या ठिकाणचे. आपल्या बांधावर किती पडला, ते आपणच मोजायला हवे. शाळेची वही सरकारी कागद होत नाही, पण शेतकऱ्याला शहाणे करायला ती पुरेशी आहे.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना हात जड होतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. एक बाई आणि चार मुले. सहलीला आलेली. पाणी एकदम वाढले आणि मधे खडकावर उभ्या असलेल्यांना बाहेर पडता आले नाही. त्याविषयी विद्यार्थ्यांनी मुलांशी बोलावे की नाही, असा प्रश्न होता. गुरुजी म्हणाले, बोला. ही मुले रोज त्याच पाण्याकडेला वावरतात. मग तोच डब्याचा हिशेब पुन्हा मांडला. एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला आठ लाख लिटर. ओढ्याच्या माथ्यावर शंभर एकर डोंगर असेल तर आठ कोटी लिटर. पहिल्या पावसात माती थोडे पिते, पण कातळावर आणि भिजून तट्ट झालेल्या जमिनीवर सगळे पाणी वरून धावते आणि एका चिंचोळ्या ओढ्यात येते. खाली ऊन पडलेले असले तरी वर डोंगरावर पाऊस कोसळत असू शकतो. म्हणून पाणी एकाएकी गढूळ झाले, पाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, की क्षणही न दवडता काठावर यायचे. मुलांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ही लक्षणे लिहिली. त्यांतली कित्येक त्यांच्या बापजाद्यांना ठाऊक होतीच. नवे एवढेच, की त्यांना आता त्यामागचे कारण आकड्यांत सांगता येते. आणि ज्याला कारण सांगता येते, त्याचे ऐकले जाण्याचा संभव जास्त. कणीस विकणारे पोर जेव्हा शहरातल्या पाहुण्याला सांगेल, "दादा, वर या, वरून लोंढा येतोय," तेव्हा त्याच्या आवाजात धाक असावा, अजीजी नसावी. मला या सगळ्या उद्योगात जे मोलाचे वाटते ते हे.

या येण्याने कॉलेजातल्या मुलांचेही काही भले होते. त्यांतल्या एकाने इंद्रायणी तांदूळ जन्मभर खाल्ला होता, पण खाचर प्रथमच पाहिले. त्याला मी सांगितले, की हा वाण इथून पंचवीसेक किलोमीटरवर वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, आंबेमोहोर १५७ आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून, १९८७ साली. आमच्या मुलांनाही ते नवीनच होते. रोज ताटात येणारा भात हा शास्त्रज्ञांनी आणि आपल्या मातीने मिळून केलेला आहे, हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, "मंजी आपल्याकडं पण शास्त्रज्ञ हायेत?" त्या गटातली एक मुलगी दुष्काळी तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरची. ती मला म्हणाली, "सर, आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट होतं, पण किल्ली कधी सापडली नाही. म्हणून मी येते." यापेक्षा जास्त मी तिला विचारले नाही.

आता दोन शब्द या तरुण मंडळींना. तुम्ही या, पण एकदाच येऊन जाऊ नका. वर्षात चारदा या, नाहीतर पहिल्यांदाच सांगा की आम्ही एकदाच येणार. शिक्षकाला बाजूला सारू नका. तुम्ही गेल्यावर वर्ग त्यालाच सांभाळायचा आहे, आणि दोन शिक्षकी शाळेत एकेकाकडे दोनदोन इयत्ता आणि कागदांचे ढीग असतात. प्रयोग आधी त्याला करू द्या. इंग्रजी शब्द कळत नसेल तर तो मुलाचा दोष नाही. आणि साहित्य असे आणा, की जे मोडले तर गावच्या दुकानात पुन्हा मिळेल.

दोन शब्द आपल्या घरांना. ही पोरे आली तर त्यांना एक भाकरी आणि कालवण द्या, निजायला कोरडी जागा द्या. त्यांना आपले शेत दाखवा. खेकडा बांध का पोखरतो, करपा ढगाळ हवेत का वाढतो, राब भाजल्यावर तण कमी का येते, असे आपले प्रश्न त्यांना विचारा. एखाद्याचे उत्तर त्यांना येणार नाही. हरकत नाही, शोधून आणा म्हणावे. आपल्या मुलाने डबा, मीठ किंवा जुनी ट्यूब मागितली तर नासधूस करतोस म्हणून ओरडू नका. मुलीला घरकामासाठी त्या दिवशी शाळेतून मागे ठेवू नका. आमच्या अंगणात पावसाचे कोडे सोडवले ते एका पोरीनेच, हे विसरू नका. आणि मुलाने रात्री जेवताना "असं का?" असे विचारले तर "गप जेव" म्हणू नका. ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर "उद्या गुरुजींना विचार आणि मलाही सांग" म्हणा. बापाला शिकवण्याची संधी मिळाली की मूल धडा कधी विसरत नाही.

पाहुणे येण्याची वाटही पाहायला नको. येत्या मृगाला एक सरळ बाजूंचा रिकामा डबा घ्या. झाडापासून, वळचणीपासून दूर, उघड्यावर दोन विटांत नीट बसवून ठेवा, म्हणजे वाऱ्याने कलंडणार नाही. रोज सकाळी एकाच वेळी पट्टीने पाणी मोजा, तारखेपुढे मिलिमीटर लिहा आणि डबा पालथा करून पुन्हा ठेवा. हे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या आणि वही तिच्या किंवा त्याच्या नावाची करा. दिवाळीला भात झोडपून झाले की त्या वहीची बेरीज मांडा आणि शेजारी उताऱ्याचा आकडा लिहा. दोन वर्षे असे केलेत तर तिसऱ्या वर्षी लावणीला कधी हात घालावा नि खत कधी टाकावे, हे ठरवताना घरातले सर्वांत लहान माणूस वही घेऊन तुमच्याशेजारी बसलेले असेल. त्याचे ऐका.